शेल-प्रॉम्प्टचे रंगांकन

टर्मिनलवरील शेलच्या प्रॉम्प्टमध्ये व स्क्रिप्टच्या आउटपुटमध्ये संकेतक्रमांद्वारे रंग आणण्याची पद्धत. (पहा : टर्मिनल, युनिक्स.)

संकेतक्रमांची मानके एक्मा-४८ (१९७६) व एएनएसआय एक्स३.६४ (१९७९) यांत आहेत. १९७८ चे व्हीटी-१०० टर्मिनल असे क्रम जाणत असे. पडदा मात्र एकरंगी होता.

क्रमात एस्केप वर्ण (संकेतांक २७), चौकटी कंस, अंक आणि ‘एम’ हे अक्षर येते. ३० ते ३७ हे अक्षरांचे रंग (३१ तांबडा, ३२ हिरवा), ४० ते ४७ पार्श्वभूमीचे. शून्याने मूळ स्थिती येते; ते न दिल्यास रंग पुढील मजकुरावरही राहतो. बॅशमध्ये प्रॉम्प्ट ‘पीएस१’ या चलात असतो (पहा : बॅश). त्यातील रंगसंकेत पडद्यावर जागा घेत नाहीत, म्हणून ते बॅकस्लॅशयुक्त चौकटी कंसांत घालणे अत्यावश्यक. एरवी शेल ओळीची लांबी चुकीची मोजते आणि लांब आज्ञा स्वतःच्याच आरंभावर चढते. स्क्रिप्टमध्ये ‘टीपुट’ आज्ञा टर्मिनलच्या प्रकारानुसार संकेत पुरवते.

बंगळूरच्या सर्जापूर रोडसारख्या सॉफ्टवेअर परिसरांत एकाच पडद्यावरून अनेक दूरस्थ सर्व्हर हाताळले जातात. प्रत्यक्ष सेवेतील सर्व्हरचा प्रॉम्प्ट तांबडा ठेवल्यास भलत्या यंत्रावर आज्ञा देण्याचा धोका घटतो. रंगांध वापरकर्त्यांसाठी रंगासोबत शब्दही द्यावा लागतो.