टँक (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट)

टँक : संगणकीय भूमिकाखेळात शत्रूचे वार स्वतःच्या अंगावर घेऊन साथीदारांना मोकळे ठेवणारा खेळाडू, तसेच ती भूमिका. प्रस्तुत नोंद ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या अमेरिकन कंपनीच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२३ नोव्हेंबर २००४) या ऑनलाइन खेळातील टँक-शाखांपुरती आहे.

मराठी कोशात ‘टँक’ला ‘रणगाडा’ हा प्रतिशब्द मिळतो, पण खेळणाऱ्यांपैकी कोणी तो उच्चारत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी चिलखती गाडीचे गुपित राखण्यासाठी तिला ‘पाण्याची टाकी’ म्हटले, तेच नाव गाडीला चिकटले आणि गाडीवरून खेळाडूला. त्या हिशेबाने ‘रणगाड्या’पेक्षा ‘टाकी’च मुळाला जवळची. खेळाच्या परिभाषेत ‘टँक’ हा शब्द आणि ‘अॅग्रो’ (शत्रूचा रोख) हा त्याचा जोडशब्द १९९०च्या दशकातील मजकुरी खेळांतून आले असे सामान्यतः मानतात. नेमक्या कोणत्या खेळातून, याबद्दल एकमत नाही. ‘एव्हरक्वेस्ट’ (१९९९) या खेळाने टँक, बरे करणारे (हीलर) आणि मारा करणारे (डीपीएस) ही त्रयी रूढ केली, ती वॉरक्राफ्टने उचलली. पाच जणांच्या गटात एक टँक, एक हीलर, तीन डीपीएस ही वाटणी तेव्हापासून कायम आहे. मोठ्या मोहिमा (रेड) आरंभी ४० जणांच्या होत, २००७ पासून २५ आणि १० जणांच्या झाल्या. आजच्या सर्वांत कठीण, २० जणांच्या रेडमध्ये बहुधा दोनच टँक असतात.

शाखा : आजमितीस सहा. वॉरियर व पॅलाडिन यांची ‘प्रोटेक्शन’ शाखा, ड्रुइडची ‘गार्डियन’, डेथ नाइटची ‘ब्लड’, मंकची ‘ब्रूमास्टर’ आणि डेमन हंटरची ‘व्हेंजन्स’. पहिल्या तीन वर्गांचे टँक खेळाच्या आरंभापासून होते, मात्र ‘गार्डियन’ ही स्वतंत्र शाखा २०१२ची. त्याआधी अस्वल आणि मांजर ही ड्रुइडची दोन्ही रूपे ‘फेरल’ या एकाच शाखेत नांदत. डेथ नाइट २००८ मध्ये, मंक २०१२ मध्ये व डेमन हंटर २०१६ मध्ये आला.

अॅग्रो : शत्रू कोणाला मारणार हे ‘थ्रेट’ नावाच्या खात्यावर ठरते. ढोबळ नियम असा, की केलेल्या नुकसानीचा प्रत्येक गुण म्हणजे एक थ्रेट आणि बरे करण्याचा प्रत्येक गुण म्हणजे अर्धा. टँकच्या पवित्र्यात (स्टान्स) किंवा रूपात हा थ्रेट वाढवून धरला जातो. खाते नुसते ओलांडल्याने शत्रू वळत नाही. जवळून लढणाऱ्याला टँकच्या ११० टक्के आणि दुरून मारणाऱ्याला १३० टक्के थ्रेट गाठावा लागतो. ‘टॉन्ट’ ही टँकची डिवचण्याची क्रिया त्याला एका क्षणात खात्याच्या अग्रभागी नेऊन ठेवते. ऑगस्ट २०११ मध्ये टँकचा थ्रेट नुकसानीच्या तिपटीवरून पाचपटीवर नेण्यात आला आणि अॅग्रो राखणे हे कौशल्य म्हणून जवळपास संपले. हे चांगले झाले की वाईट, यावर जुने-नवे खेळाडू अजूनही भांडतात.

वारांचे कोष्टक : टँक-शाखांची तुलना करायची तर ‘द बर्निंग क्रुसेड’ (जानेवारी २००७ ते नोव्हेंबर २००८) या विस्तारापाशी थांबावे लागते. शाखांमधले भेद त्या काळी आकड्यांत सर्वांत स्पष्ट होते आणि ते आकडे खेळाडूंनीच कष्टाने मोजून ठेवले आहेत.

बॉसचा (मोहिमेतील प्रमुख शत्रूचा) प्रत्येक साधा वार एकाच फाशावर ठरे. फाशाच्या पट्टीवर क्रमाने मिस (वार हुकणे), डॉज (अंग चुकवणे), पॅरी (शस्त्राने परतवणे), ब्लॉक (ढालीवर घेणे), क्रिट (दुप्पट मार), क्रश (दीडपट मार) आणि शेवटी साधा मार बसवलेले असत. आधीचे रकाने पट्टी भरून टाकत असतील तर नंतरच्यांना जागाच उरत नसे. बॉस टँकपेक्षा तीन पातळ्या वरचा धरला जाई आणि त्याचा वार क्रश होण्याची शक्यता १५ टक्के असे. क्रिटची शक्यता ५.६ टक्के, ती शून्यावर आणण्यासाठी ‘डिफेन्स’ हे कौशल्य पातळीच्या कमाल मर्यादेपेक्षा १४० गुणांनी जास्त लागे, कारण प्रत्येक गुण ०.०४ टक्का कापी. म्हणून साठाव्या पातळीवर ४४०, सत्तराव्यावर ४९० आणि ऐंशीव्यावर ५४० हे आकडे टँकांच्या तोंडपाठ असत.

क्रश पट्टीवरून ढकलून द्यायचा तर मिस, डॉज, पॅरी आणि ब्लॉक यांची बेरीज १०२.४ भरावी लागे. शंभर पुरत नसत, कारण तीन पातळ्यांच्या फरकापायी चारही रकान्यांतून प्रत्येकी ०.६ वजा होई. पॅलाडिनचे उदाहरण घेऊ. डिफेन्स ४९० असताना मिस १०.६, डॉज १८, पॅरी १५, ब्लॉक २९. बेरीज ७२.६. त्याने ‘होली शील्ड’ उचलली की ब्लॉकमध्ये ३० ची भर पडे आणि बेरीज १०२.६ होई, म्हणजे ०.२ ने सुटका. नवी अंगठी घालताना तिच्यामुळे १०२.४ तुटत तर नाही ना, हे आधी पाहावे लागे. मिसचा आकडा खेळाच्या पडद्यावर दिसतही नसे, तो हाताने मिळवावा लागे. रेडच्या आधी कागद-पेन्सिल घेऊन बसणारा तो पॅलाडिन, अशी गिल्डमध्ये (खेळाडूंच्या संघात) त्याची ओळख होती.

वॉरियरला ही कटकट नव्हती. त्याची ‘शील्ड ब्लॉक’ एकदम ७५ टक्के देई, उरलेले २७.४ साध्या चिलखतातही जमत. पण ती पाच सेकंद टिके आणि फार तर दोन वार झेली. कराझान या रेडमधला प्रिन्स मालचेझार हा बॉस दुसऱ्या टप्प्यात दोन हातांत दोन कुऱ्हाडी घेऊन मारू लागला की ते दोन वार चुटकीसरशी संपत आणि मधल्या फटीत क्रश घुसे. होली शील्ड दहा सेकंद चाले आणि सुधारलेल्या रूपात आठ वार झेली. भराभर मारणाऱ्यांपुढे पॅलाडिन सरस ठरे तो यामुळे.

अस्वलाकडे ढाल नाही, पॅरीही नाही. म्हणजे क्रशपासून त्याची सुटका कधीच नव्हती. त्याची भरपाई जीव आणि कातडी यांनी होई. चिलखताने होणारी घट ७५ टक्क्यांवर थांबे. सत्तराव्या पातळीच्या टँकला बॉससमोर तिथे पोचायला ३५,८८० चिलखत लागे आणि चांगले अस्वल त्या आकड्याच्या आसपास घोटाळू शके. समजा, बॉसचा मूळ वार १०,००० चा आहे. ५५ टक्के घटीच्या वॉरियरला तो ४,५०० चा बसतो, बचावाच्या पवित्र्याने ४,०५० चा, ढालीने त्याहून थोडा कमी. ७० टक्के घटीच्या अस्वलाला तोच वार ३,००० चा बसतो आणि क्रश झाला तर ४,५०० चा. अस्वलाचा वाईटातला वाईट वार वॉरियरच्या रोजच्या वारापेक्षा फार मोठा नव्हता. तरीही ‘अस्वल मुख्य टँक होऊ शकत नाही’ हे मत त्या काळी अनेक गिल्डांत ठाम होते. हीलरांना एकसारखा मार आवडतो, उसळणारा नाही, हे त्यामागचे खरे कारण असावे. इलिडन स्टॉर्मरेज या बॉसच्या लढाईत मात्र शंका रास्त होती. त्याचा ‘शिअर’ हा वार ब्लॉक, डॉज वा पॅरी झाला नाही तर टँकचा कमाल जीव काही सेकंद निम्म्याहून खाली येई. तिथे ढालवालाच लागे.

नोव्हेंबर २००८ मध्ये ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ आला, बॉसांचे क्रश काढून टाकले गेले आणि त्यासाठी १०२.४ गाठण्याची गरज उरली नाही. डिफेन्स हे कौशल्यही २०१० मध्ये गेले.

वॉरियर : मूळ खेळातला प्रमाण टँक, बाकी सर्व त्याच्या मापाने मोजले जात. त्याचे इंधन म्हणजे ‘रेज’, आणि ते मार खाल्ल्याने वाढते. त्यामुळे उत्तम चिलखत घालून जुन्या, सोप्या ठिकाणी गेलेल्या वॉरियरला कोणी पुरेसे मारत नसे आणि त्याचा हात रिकामा राही. नक्स्रामस (२००६) या रेडमधील ‘चार घोडेस्वार’ या लढाईत प्रत्येक घोडेस्वाराजवळ उभ्या राहणाऱ्यावर शापाचे थर चढत, म्हणून टँक आळीपाळीने बदलावे लागत. त्यासाठी आठ तयार वॉरियर जमवण्याची पद्धत पडली. ४० जणांत आठ! एकाची परीक्षा आली की सगळा आठवडा वाया. आज शील्ड ब्लॉकच्या जोडीला ‘इग्नोर पेन’ आहे.

पॅलाडिन : २००७ पर्यंत फक्त अलायन्स या पक्षाकडे, होर्ड या विरोधी पक्षाला तो ब्लड एल्फ या जमातीबरोबर मिळाला. मूळ खेळात त्याच्याकडे टॉन्टच नव्हता, म्हणून त्याला आशीर्वाद वाटण्याच्या कामावर बसवत. पुढे मिळालेली ‘रायचस डिफेन्स’ ही क्रियाही तिरपी होती. ती शत्रूवर नव्हे, तर मार खाणाऱ्या साथीदारावर टाकायची, मग त्याच्यामागे लागलेले तीनपर्यंत शत्रू पॅलाडिनकडे वळत. जमिनीवर पसरणाऱ्या ‘कॉन्सिक्रेशन’मुळे झुंडी सांभाळण्यात त्याला तोड नव्हती, माउंट हायजल या रेडमध्ये बॉसपूर्वी येणाऱ्या आठ-आठ लाटा त्याच्याच भरवशावर घेत. हीलरने त्याला बरे केले की त्याचा काही अंश मॅना या त्याच्या इंधनाच्या रूपाने त्याला मिळे. म्हणजे मार न बसणाऱ्या पॅलाडिनचीही वॉरियरसारखीच उपासमार. ‘डिव्हाइन शील्ड’ने तो पूर्ण अभेद्य होतो, पण त्याच क्षणी शत्रू त्याला सोडून दुसऱ्याकडे जातो. नवखा पॅलाडिन हे एकदाच शिकतो.

ड्रुइड : वर पहा. आता ‘आयर्नफर’ने चिलखताचे थर चढवतो.

डेथ नाइट : ढाल नाही, दोन हातांचे शस्त्र. आरंभी ब्लड, फ्रॉस्ट आणि अनहोली या तिन्ही शाखांतून टँक होता येई. २०१० पासून फक्त ब्लड. बाकीचे टँक मार येण्याआधी बंदोबस्त करतात, हा मार खाऊन मग वसुली करतो. ‘डेथ स्ट्राइक’ मागच्या पाच सेकंदांत झालेल्या नुकसानीच्या ठरावीक हिश्श्याइतका जीव परत आणतो. जोरदार वारानंतर लगेच तो मारला तर जीव भरतो. एक सेकंद आधी मारला तर फुकट जातो. जीव सतत वरखाली होत असल्याने नव्या हीलरांना याचा धसका असतो.

ब्रूमास्टर : मद्य पिऊन झुलत लढणारा मंक. ‘स्टॅगर’ हा त्याचा गुण सहा शाखांत सर्वांत वेगळा आहे. वाराचा काही भाग लगेच बसत नाही, तो पुढच्या सुमारे दहा सेकंदांत हप्त्याहप्त्याने वसूल होतो. कर्ज किती साचले ते हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांत दिसते आणि ‘प्युरिफाइंग ब्रू’ प्यायले की त्यातले माफ होते. वार चुकत नाही, फक्त लांबतो. पण टँक बहुधा एका फटक्यात किंवा लागोपाठच्या दोन फटक्यांत मरतो, हे ध्यानात घेतले तर लांबणे हेच मोठे संरक्षण आहे.

डेमन हंटर : ‘डेमन स्पाइक्स’ व आत्म्यांचे तुकडे यांवर जगणारा, चपळ.

बिगर-टँक टँक : काही लढायांत ठरलेल्या शाखा चालत नाहीत. ग्रूलच्या गुहेतील हाय किंग मॉलगारच्या लढाईत क्रॉश फायरहँड या जादूगारापुढे मेज या वर्गाचा खेळाडू उभा राहतो. तो क्रॉशचे संरक्षक कवच ‘स्पेलस्टील’ने चोरतो आणि त्याच्याच कवचात त्याचे आगीचे गोळे झेलतो. आन’किराज येथील जुळ्या सम्राटांपैकी जादूगार सम्राट वॉरलॉकच्या अंगावर घेत. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘सीझन ऑफ डिस्कव्हरी’ या क्लासिक खेळाच्या वेगळ्या आवृत्तीत शामन, वॉरलॉक आणि रोग यांना टँक होण्याची रीतसर सोय दिली गेली.

तुटवडा : डिसेंबर २००९ मध्ये अनोळखी खेळाडूंचे गट आपोआप जुळवणारी सोय आली आणि टँक किती कमी आहेत हे उघडे पडले. डीपीएसने रांगेत ताटकळायचे, टँकला जवळपास लगेच गट. एप्रिल २०११ पासून ज्या भूमिकेची टंचाई असेल तिला बक्षिसाची थैली मिळू लागली. थैलीसाठी आलेला टँक पहिल्याच बॉसला मेला की गट त्याला काढून टाकी आणि रांग पुन्हा सुरू होई.