चर्च ऑफ नॉर्थ इंडिया

सहा प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या विलीनीकरणातून २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेली मंडळी. ब्रीद : ऐक्य, साक्ष, सेवा.

पार्श्वभूमी : परदेशी मिशनांनी आपापसांत मुलूख वाटून घेतले होते. नगर-सोलापूर अमेरिकन मराठी मिशनकडे, कोल्हापूर अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे, नागपूर स्कॉटिश मिशनकडे. त्यामुळे खेड्यातल्या ख्रिस्ती माणसाचा पंथ त्याच्या जिल्ह्यावरून ठरे. ज्या युरोपीय वादांतून हे पंथ निघाले, त्यांच्याशी त्याचे देणेघेणे नव्हते. ही फाळणी आपली नव्हे, लादलेली आहे, असे मे १९१९ मध्ये तरंगमबाडीच्या परिषदेत बिशप अझरय्या व सहकाऱ्यांनी स्पष्ट मांडले. दक्षिणेतील मंडळ्यांचे ऐक्य स्वातंत्र्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, २७ सप्टेंबर १९४७ रोजी साधले. उत्तरेत १९२९ पासून वाटाघाटी चालूच राहिल्या.

मराठी मुलखात ऐक्य आधी गळ्यात उतरले. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. त्यांची भजने ‘उपासना संगीत’मधून निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्यांत टाळ-पेटीवर गाइली जातात. हे ऐक्य कोणत्याही ठरावाने आलेले नाही, म्हणून प्रस्तुत नोंदीत त्याला जागा देणे अगत्याचे वाटते.

रचना : बिशपपद स्वीकारलेले, बाप्तिस्मा बालपणी किंवा प्रौढपणी, दोन्ही ग्राह्य. स्थापनेच्या उपासनेत निरनिराळ्या परंपरांच्या धर्मसेवकांनी एकमेकांच्या मस्तकांवर हात ठेवले. कोणाची दीक्षा अपुरी होती, हा प्रश्न जाणूनबुजून मिटवला गेला नाही. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी ऐन वेळी बाहेर राहिली.

मालमत्ता : विलीन झालेल्या सहांपैकी गुजरातमधील ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मिशनने मागे ठेवलेल्या जमिनी व इमारती सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदल्या होत्या. नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने त्या नव्या मंडळीकडे जात नाहीत, असा निकाल २०१३ मध्ये लागला. एका वेदीभोवती जमलेल्यांना मालमत्तेच्या दस्तऐवजांनी पुन्हा वेगळे केले, ही गोष्ट चटका लावणारी आहे.

सभासद : मंडळीतील बहुसंख्य दलित व आदिवासी. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींचा दर्जा नाही.

रोमन कॅथलिक मंडळी या ऐक्याबाहेर आहे.