युक्तधारा
रोजगार हमीच्या कामांचे नकाशावर नियोजन करण्याचे संगणकीय व्यासपीठ. इस्रोच्या ‘भुवन’ या भू-पोर्टलवर २३ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू. उपग्रहचित्र, उतार, नाले यांचे थर एकावर एक ठेवून गावशिवारातील समतल चर, शेततळी, बंधारे यांच्या जागा ठरवता येतात. आधी झालेल्या कामांचे जिओटॅग केलेले ठिकाणही तेथेच दिसते. अशा नियोजनात डोंगरमाथ्यापासून खाली कामे करत येण्याचे ‘माथा ते पायथा’ हे पाणलोटाचे सूत्र वर्धा जिल्ह्याच्या डोंगराळ आर्वी, आष्टी, कारंजा तालुक्यांत विशेष मोलाचे. आर्वी तालुक्यातील काकडदरा गावाने हे साधन येण्यापूर्वीच, २०१७ मध्ये, श्रमदानाच्या बळावर जलसंधारणाच्या ‘वॉटर कप’ स्पर्धेचा पहिला पुरस्कार मिळवला. अशी कामे गावाच्या सहभागानेच यशस्वी होतात; म्हणून युक्तधारावरील नकाशा कार्यालयात न राहता ग्रामसभेत सर्वांना दाखवूनच मंजूर व्हावा.