कामांची जोडणी

प्रकल्पाचे वेळापत्रक आखणाऱ्या संगणक-प्रणालीत एका कामाची तारीख दुसऱ्या कामावर बांधून ठेवण्याची सोय. आधीचे काम लांबले की त्यावर अवलंबून असलेली कामे आपोआप पुढे सरकतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये ‘प्रिडेसेसर्स’ या रकान्यात आधीच्या कामाचा क्रमांक भरला की जोडणी होते. ड्यूपाँट कंपनीत १९५७ च्या सुमारास आकाराला आलेली ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत हा तिचा पाया.

मराठवाड्यात या विषयाचा चांगला धडा म्हणजे एप्रिल २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी पोहोचवणारी रेल्वेची पाणीगाडी. कोट्याच्या रेल्वे कारखान्यात टाक्या धुणे, मिरजेत त्या भरणे, सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास, लातूर स्टेशनजवळच्या विहिरीत पाणी उतरवणे, मग शुद्धीकरण आणि वाटप, अशी ती साखळी होती. पन्नास टाक्यांची गाडी भरायची तर मिरजेत स्टेशनपर्यंत नवी जलवाहिनी हवी होती; दहा टाक्यांना असलेली सोय पुरत होती. म्हणून वाहिनीची वाट न पाहता दहा टाक्यांची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिलला लातूरला पोहोचली. पन्नास टाक्यांची गाडी त्याच महिन्यात आली. कोणते काम खरोखर कशावर अडते, हे ओळखणे रकाना भरण्यापेक्षा अवघड असते ते असे.

जोडणीचे प्रकार चार. ‘संपले की सुरू’ हा नेहमीचा. चर खणणे आणि पाइप टाकणे यांत ‘सुरू झाले की सुरू’, पाइप टाकणे आणि चर बुजवणे यांत ‘संपले की संपेल’ चालते. चौथा, ‘सुरू झाले की संपेल’, पुस्तकांत दुर्मीळ म्हणतात. नळयोजना चालू झाल्याशिवाय टँकर बंद करता येत नाही, हे मात्र या भागात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

दोन कामांमध्ये सक्तीची प्रतीक्षाही ठेवता येते. तिला ‘लॅग’ म्हणतात. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस पाणी मारावे लागते. इथे नवखा हमखास चुकतो: नुसते ७ दिवस भरले तर प्रणाली सुट्या वगळून मोजते, पण काँक्रीट रविवारीही घट्ट होत असते. अशा ठिकाणी सलग दिवसांचे एकक निवडावे.

शेवटची तारीख अढळ असेल तर हिशेब उलटा, शेवटाकडून मागे येतो. नांदेडला ऑक्टोबर २००८ मध्ये शिखांच्या गुरुता गद्दीची त्रिशताब्दी होती. सोहळ्यासाठीच्या रस्त्यांना आणि पुलांना ती तारीख पुढे ढकलण्याची मुभा नव्हती. अशा आराखड्यात प्रत्येक कामाला किती सवड उरली आहे हे जोडण्यांवरूनच कळते.

प्रत्येक कामापुढे हाताने तारीख टाकण्याची सवय मात्र सोडावी. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट अशी तारीख ‘याआधी सुरू नको’ असे बंधन मानते. आधीचे काम लवकर संपले तरी पुढचे काम जागचे हलत नाही.