जुन्या मोटारीचा पाठ

जीर्ण वस्तूच्या उद्धारात ‘मूळ’ कशाला म्हणावे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. पोथीचे पान कसरीने खाल्ले असेल तर गेलेल्या अक्षरांच्या जागी संपादकाने काय घालावे, याचा पाठचिकित्सेत पुष्कळ ऊहापोह झालेला आहे. तोच प्रश्न जुन्या मोटारीसमोर उभ्या असलेल्या कारागिरालाही पडतो. दुसऱ्या गाडीतून निघालेला, किंचित दुखावलेला पण अस्सल भाग बसवावा, की नवा कोरा नकली? या प्रश्नामागे आपल्याकडे एक इतिहास आहे. त्याची येथे थोडी चर्चा करू.

बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान, पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ वर (आताचा ५३) वडनेर भोलजी हे गाव आहे. येथून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर. अशा रस्त्यावर फियाट अडून बसली, तर मुंबईहून सुटा भाग येण्याची वाट पाहायची किंवा भंगारात निघालेल्या गाडीचा भाग चालवून घ्यायचा, याखेरीज तिसरा मार्ग फारसा नसे. जुना भाग वापरणे ही गरज होती. तिला ‘हौस’ हे नाव फार पुढे मिळाले.

ही गरज केवळ अंतरामुळे उत्पन्न झाली नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली होती. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, तयार मोटारींची आयात बंद झाली. पुढे जे कारखाने टप्प्याटप्प्याने सुटे भाग येथेच बनवतील त्यांनीच टिकावे, असे धोरण १९५३ मध्ये ठरले आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील जुळणी गुंडाळली. रस्त्यावरच्या शेवरले-फोर्ड गाड्या मात्र राहिल्या. माहेर तुटलेल्या सासुरवाशिणींसारख्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघू लागली. १९७० च्या दशकात तीच ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. या शतकाच्या आरंभी तिचेही उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही सेवेतून गेली.

दुखावलेला भाग म्हणजे टाकाऊ भाग, अशी समजूत यंत्रशास्त्राला मान्य नाही. क्रँकशाफ्टला चरे पडले तर तो घासून किंचित बारीक करतात आणि त्या मापाची जाड बेअरिंगे बसवतात. अशी बेअरिंगे बाजारात मापवार मिळत आली आहेत. सिलिंडर झिजला की रिबोअर करून मोठा पिस्टन घालतात. ब्रेकच्या ड्रमवरचे खाचे लेथवर काढता येतात, पण ठरलेल्या मापापर्यंतच. म्हणजे झीज होणार हे गृहीत धरूनच यंत्राची रचना केलेली असते. याउलट स्टब अ‍ॅक्सलला केसाएवढी चीर दिसली तरी तो भाग अस्सल आहे म्हणून ठेवणे हा अविचार होय; तेथे माणसाचा जीव टांगलेला असतो. पोचा आलेली हबकॅप आणि चीर गेलेला अ‍ॅक्सल यांतला भेद ज्याला कळतो तोच खरा कारागीर.

आता या विवेकात कायदाही आला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी-चारचाकी वाहने त्यात येतात. पद्मिनीच्या पहिल्या गाड्या आता या वयाला पोहोचत आहेत. पण ज्या गाडीने अर्धशतक दहा गाड्यांचे अवयव घेऊन काढले, तिचे ‘मूळ स्वरूप’ कोणते? कारखान्यातून निघाली त्या दिवसाचे, की रस्त्याने तिला दिले ते?

येथे भांडारकर संस्थेच्या महाभारताची आठवण होते. १९१९ मध्ये आरंभलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली ही चिकित्सक आवृत्ती. विष्णु सीताराम सुखटणकर तिचे प्रमुख संपादक होते. जेथे पाठाची खात्री नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ देण्याची प्रथा या आवृत्तीने पाळली. वाचकाला पाठ मिळतो आणि संपादकाची शंकाही मिळते. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरिन सनद जवळपास हेच सांगते: जुने जपावे, आणि नव्या द्रव्याचा भाग घालावाच लागला तर त्यावर ओळखता येईल अशी कायमची खूण करावी. दोन्हीकडे आग्रह आहे तो प्रामाणिकपणाचा.

आमच्या मते दुखावलेल्या जुन्या भागाचे मोल याच ठिकाणी आहे. चकचकीत नकली भाग आपले वय लपवतो. पोचा आलेला अस्सल भाग आपली आयातबंदी, आपली टंचाई आणि अनामिक मिस्त्र्यांची अक्कल अंगावर वागवतो. ऋत्विक घटकांच्या ‘अजांत्रिक’ (१९५८) या चित्रपटात बिमलची खिळखिळी शेवरले शेवटी भंगारात जाते आणि तिचा भोंगा एका लहान मुलाच्या हाती येतो. तो भोंगा पुन्हा एखाद्या गाडीवर चढला असता, तर ती कोणाची गाडी म्हणायची? जुनी मोटार दुरुस्त करणाऱ्याने या प्रश्नाचे उत्तर निदान एका वहीत लिहून ठेवावे: कोणता भाग, कोणत्या गाडीतून, कोणत्या साली आणि त्यात काय उणे होते. पुढच्या अभ्यासकाला तीच नागमोडी रेघ उपयोगी पडेल.