बालाघाटचा कोयता व उचलीचा व्यवहार

दसरा उलटला कीं बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यांतून, म्हणजे पाटोदा, शिरूर, धारूर, केज या बाजूंनीं, मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. याचें कारण दुष्काळ असें सांगण्याचा प्रघात आहे. तें खोटें नव्हे. पण तेवढ्यानें उलगडा होत नाहीं.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. शेजारच्या अहमदनगर (आतांच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांत इंग्रजांचा अंमल. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके. अलीकडे हाली रुपया, पलीकडे कलदार. सात हालीस सहा कलदार असा साधारण भाव. परंतु नाण्याहून मोठा भेद पाण्याचा होता. इंग्रजी हद्दींत नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला, भंडारदऱ्याचें धरण १९२६ मध्यें पुरें झालें, आणि कालव्यांमागून ऊस व साखर कारखाने आले. १९५० च्या अखेरीस प्रवरानगरास सहकारी कारखान्याचें गाळप सुरू झालें, तेव्हां निजामाची राजवट संपून दोन वर्षें झालीं होतीं. पाण्याची सरहद्द राहिली ती राहिलीच.

ती ओलांडण्याचें साधन म्हणजे उचल. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादम पावसाळ्यांत कोयत्यास उचल देतो. ती जुनीं देणीं, लग्नकार्य, औषधपाणी यांत निघण्यापूर्वींच संपते. मग हंगामभर टनावारी मजुरी उचलींतून वजा होते, व न फिटलेली बाकी पुढील सालीं चढते. मजुरी येथें श्रमाआधीं येते आणि कर्ज होऊन येते. तिच्यामुळें बीडकडील बाजार चालतात, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु कारखाना, पतपेढी, विद्यालय हीं उभीं राहतात तीं उसाच्या गांवीं. १८३४ नंतर मॉरिशसच्या मळ्यांवर गेलेल्या गिरमिट्यांत कोंकणचे मराठी लोकही होते. त्यांचे करार जाचक खरे, पण मुदत निदान कागदावर असे. आमच्या मुकादमाचा व्यवहार बहुधा तोंडी.

या हिशेबांत खाड्यास दंड आहे, आणि तो बायकांस अधिक बाधतो. २०१९ मध्यें शासनानें नेमलेल्या समितीच्या पाहणींत बीड जिल्ह्यांतील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें आढळलें. त्या शस्त्रक्रियेचा खर्चही कित्येकींनीं मुकादमाकडून उचल घेऊनच भागविला होता.