'रॅगेड' : एका फाटक्या शब्दाचा प्रवास

आज आपण एकच इंग्रजी शब्द हाती घेऊ : 'रॅगेड'. शब्दकोशात याचे दोन अर्थ ठळकपणे दिसतात. एक, जीर्ण, चिंध्या झालेला. दुसरा, ओबडधोबड, कडा सरळ नसलेला. अभ्यासक या शब्दाचं नातं जुन्या नॉर्स भाषेतल्या केसांच्या झुपक्याशी जोडतात. म्हणजे आधी विस्कटलेली लोकर, मग फाटका कपडा, मग खडबडीत खडक. छपाईच्या धंद्यात उजवीकडच्या ओळी एका रेषेत संपत नसतील तर त्याला 'रॅगेड राइट' म्हणतात. त्यात निंदा काही नाही, ते नुसतं वर्णन आहे.

पण हाच शब्द माणसाला लागला की काय होतं, ते बघण्यासाठी आपल्याला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जावं लागेल.

पोर्ट्समथला जॉन पाउंड्स नावाचा एक चांभार होता. तरुणपणी गोदीत पडून तो अपंग झाला होता. आपल्या चिमुकल्या दुकानात तो गरीब मुलांना फी न घेता शिकवी : वाचन, थोडं गणित, स्वयंपाक, जोडे दुरुस्ती. मुलं यावीत म्हणून तो त्यांना भाजलेले बटाटे देई, असं सांगतात. १८३९ साली तो वारला. त्याचं काम चालू होतं तेव्हा त्याला कुठलंही विशेषण लागलं नव्हतं.

नाव पुढे आलं. १८४४ साली लंडनमध्ये 'रॅगेड स्कूल युनियन' स्थापन झाली आणि पुढे लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी तिचं नेतृत्व केलं. एडिंबरोमध्ये थॉमस गथ्री या धर्मोपदेशकाने १८४७ साली अशा शाळांसाठी आवाहन केलं. पाउंड्सचं चित्र पाहून आपल्याला प्रेरणा मिळाली, असं तो सांगे. चार्ल्स डिकन्स १८४३ साली लंडनच्या फील्ड लेनमधली अशी शाळा पाहून आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचं 'अ ख्रिसमस कॅरल' प्रसिद्ध झालं.

आता प्रश्न असा, की शाळेला असं नाव का द्यावं? याला एक प्रामाणिक उत्तर आहे. ज्या मुलाला अंगावरच्या कपड्यांमुळे दुसरी कुठलीच शाळा आत घेणार नाही, त्याला इथे दार उघडं आहे, हे त्या नावातून कळत होतं. देणगीदारांनाही ते चटकन समजे. पण बघा, फाटका होता तो सदरा. नाव बसलं ते मुलावर. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर आगंतुक गुण हाच स्वभाव ठरला. सदरा उद्या बदलता येतो, 'रॅगेड' हा शिक्का बदलणं इतकं सोपं नाही. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५० साली या शाळांवर टीका केली, तीही याच्याजवळ जाणारी होती : त्यांच्यामुळे गुन्हे कमी होत नाहीत, उलट बिघडलेली मुलं एकत्र येतात, असं त्याचं म्हणणं. बाजू घेणारे आणि टीका करणारे, दोघेही मुलांची एक वेगळी जात मानूनच बोलत होते.

१८७० साली शिक्षणाचा कायदा झाला, सार्वजनिक बोर्डांच्या शाळा निघाल्या आणि रॅगेड शाळा हळूहळू मागे पडल्या. दया हक्कात बदलू लागली, तेव्हा विशेषणाची गरज उरली नाही.

गोष्ट इथे संपत नाही. रॉबर्ट ट्रेसेल हा रंगारीकाम करणारा लेखक. त्याच्या मृत्यूनंतर १९१४ साली त्याची कादंबरी निघाली : 'द रॅगेड ट्राउझर्ड फिलँथ्रोपिस्ट्स', म्हणजे फाटक्या विजारीतले दानशूर. हे दानशूर कोण? तर आपली मेहनत मालकांना जवळजवळ फुकट देऊन टाकणारे मजूर! सत्तर वर्षांपूर्वी 'रॅगेड' म्हणजे घेणारा होता, इथे तोच देणारा झाला. शब्द तोच, पण हिशोबाची वही उलटी धरली गेली.

यातून आपण काय घ्यायचं? गरिबाला आपण एखादं विशेषण लावतो, तेव्हा दोन गोष्टी विचारून बघाव्यात. ते विशेषण त्याच्या परिस्थितीचं आहे की त्याचं? आणि त्याची सोय कुणाला होते, त्याला की आपल्याला? पाउंड्सच्या दुकानात मुलांना आपापली नावं होती. तेवढं पुरत होतं.